जानेवारीच्या सकाळी बोट का रुसते?

पुरात एका झटक्यात सुरू होणारं बोटीचं इंजिन जानेवारीत वीस वेळा दोरी ओढली तरी दाद का देत नाही? नदीकाठच्या आणि तलावाकाठच्या माणसांकडून हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा विचारणाराच उत्तरही देतो, "थंडी आहे ना!" हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं शोधण्यासाठी हे प्रकरण.

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटलं की आधी जंगल आठवतं, पण या दोन जिल्ह्यांत पाणीही तेवढंच आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, पूर्वेकडून इंद्रावती येते. भामरागडला तर इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्या भेटतात. वर्षानुवर्षं पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा जगाशी संबंध तुटत आला आहे. शिवाय चंद्रपूरजवळ इरई धरण आहे, सावली तालुक्यात आसोलामेंढ्याचा जुना तलाव आहे आणि गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत. या पाण्यावर आजही मुख्यतः डोंगे आणि वल्ही चालतात. जिथे इंजिन आहे तिथे ते बहुधा बोटीच्या मागच्या फळीला अडकवलेलं असतं. त्याला आउटबोर्ड मोटार म्हणतात, पूर-बचावाच्या पथकांत नुसतं 'ओबीएम'. बरीच नवी इंजिनं संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारतात. जुन्या इंजिनांत हे काम कार्बोरेटर करतो. आपण बोलणार आहोत ते या जुन्या इंजिनांबद्दल.

१. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते

इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते, तेव्हा गार वाटतं. स्पिरिटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते आपल्या कातडीतून घेतं. म्हणजे द्रवाची वाफ व्हायची तर कुठून तरी उष्णता मिळायला हवी. इंजिन सुरू होण्याची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे, कारण द्रवरूप पेट्रोल जळत नसतं. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. तापलेल्या इंजिनात ही उष्णता लोखंडातून आणि अॅल्युमिनियममधून फुकट मिळते. रात्रभर दवात उभ्या असलेल्या इंजिनात देणारं कुणी नसतं.

दुसरी गोष्ट अशी की पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले काही साधारण ३५ अंश सेल्सियसला उकळतात, तर काहींना २०० च्या पुढे जावं लागतं. मोहफुलांची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. हलकं आणि तेज आधी उडतं, म्हणून पहिली धार वेगळी आणि शेवटची वेगळी. पेट्रोलमधली ही 'पहिली धार' म्हणजे त्याचा हलका भाग. थंड इंजिन पेटतं ते या हलक्या भागावर. जड भाग इंजिन तापल्यावर कामाला येतो. ही पहिली धार लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

२. भोक पडलेली नळी आणि चोक

कार्बोरेटरचं तत्त्व साधं आहे. इंजिनातला दट्ट्या म्हणजे पिस्टन सरकला की हवा आत ओढली जाते. ही हवा एका अरुंद गळ्यातून जाते. नदी दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेने जाताना जशी वेग घेते, तशीच हवाही इथे वेग घेते, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. गळ्याच्या खाली एक छोटी वाटी असते, तिला बाउल म्हणतात. तिच्यात पेट्रोल भरलेलं असतं आणि त्यावर एक तरंगी, म्हणजे फ्लोट, असते. पाण्याच्या टाकीतला बॉल जसा टाकी भरली की नळ बंद करतो, तशीच ही तरंगी वाटी भरली की पेट्रोल थांबवते. दाब कमी झाल्याने वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या पितळी तोटीतून वर चढतं आणि हवेबरोबर तुषार होऊन आत जातं. जेटचं भोक एक मिलिमीटरच्या आसपास असतं, संथ चालीच्या जेटचं तर त्याहून बारीक.

आता चोक. सरबत प्यायच्या नळीला मधेच भोक पडलं असेल, तर कितीही ओढा, तोंडात हवाच जास्त येते. भोकावर बोट ठेवलं की सरबत भसकन वर येतं. चोक म्हणजे भोकावरचं बोट. तो हवेची वाट जवळजवळ बंद करतो, त्यामुळे ओढ सगळी पेट्रोलवर पडते आणि मिश्रण घट्ट होतं. चोक पेट्रोल गरम करत नाही की ठिणगी वाढवत नाही. तो फक्त हवा अडवतो. एवढं नीट समजलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

३. थोडा हिशेब

पेट्रोल नीट जळायला १ ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हवा साधारण ८ ग्रॅमपेक्षा कमी झाली तर मिश्रण फार घट्ट होतं, १८ च्या बरीच पुढे गेली तर फार पातळ. दोन्ही टोकांना ठिणगी पडूनही काही पेटत नाही.

समजा, सकाळच्या गारठ्यात आत आलेल्या पेट्रोलपैकी तिसरा हिस्साच वाफ झाला. कार्बोरेटरने १५ ग्रॅम हवेबरोबर १ ग्रॅम पेट्रोल दिलं होतं, पण ठिणगीपाशी वाफ पोचली १/३ ग्रॅम. म्हणजे खरं प्रमाण झालं १ ला ४५, जे पेटण्यासारखं नाही. चोक ओढला आणि पेट्रोल तिप्पट केलं. ३ ग्रॅममधली १ ग्रॅम वाफ झाली, प्रमाण पुन्हा १ ला १५, इंजिन भुर्रकन बोललं.

पण उरलेलं २ ग्रॅम ओलं पेट्रोल गेलं कुठे? ते आतल्या भिंतींवर आणि ठिणगी देणाऱ्या प्लगवर बसलं. इंजिन तापू लागलं की तेही वाफ होतं आणि प्रमाण १ ला ५ कडे घसरतं. काळा धूर निघतो, इंजिन गुदमरतं. म्हणून सुरू झाल्यावर चोक हळूहळू आत सारायचा. आणि सुरू झालंच नाही, तरी चोक ओढून दोरी मारत राहिलो, तर प्रत्येक झटक्याला ही ओल वाढतच जाते. मेकॅनिक ज्याला 'इंजिन ओव्हर झालं' म्हणतात ते हेच. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण प्रत्यक्षात घडतं ते असंच.

४. नऊ अंश ही काही फार थंडी नव्हे

उन्हाळ्यात ४७-४८ अंश सोसणाऱ्या चंद्रपूरकराला डिसेंबर-जानेवारीतले नऊ-दहा अंश बोचतात, हे खरं. पण इंजिनाचं शरीर आपल्यासारखं नसतं. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात बोटीमागे लावायच्या मोटारी विकायला सुरुवात केली. त्या शहरात हिवाळ्यात तळी गोठतात. कार्बोरेटर, चोक आणि दोरी यांच्या जोरावर अशी इंजिनं पुढची कित्येक दशकं असल्या मुलखांत चालत आली. जे इंजिन शून्याच्या आसपास सुरू व्हावं म्हणून बनलं, ते नऊ अंशांना अडत असेल, तर त्याला फक्त थंडी कशी अडवेल?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे थंडी दोष निर्माण करत नाही, लपलेला दोष उघडा पाडते. अर्धवट बुजलेला जेट, झिजलेला प्लग, शिळं पेट्रोल हे सगळं ऑगस्टच्या २८ अंशांत खपून जातं. जानेवारीत खपत नाही. थंडीवर बोट ठेवून मोकळं झालं की दोष तसाच राहतो आणि तो पुढच्या पुरापर्यंत तिथेच थांबतो. नागपूरहून राज्य आपत्ती प्रतिसाद दल येईपर्यंत गावाला जवळची बोट हाताशी लागते. जानेवारीतली तक्रार मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

५. महिनोन्महिने उभं राहिलेलं पेट्रोल

आपल्या बोटींचं वर्ष विचित्र असतं. जून ते सप्टेंबर धावपळ, मग कुणी हात लावत नाही. एखाद्या शेडमध्ये ताडपत्रीखाली मोटार उभी राहते, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेसाठी, मासेमारीसाठी किंवा महाशिवरात्रीच्या मार्कंड्याच्या जत्रेआधी कुणाला तरी बोटीची आठवण होते. त्या मधल्या महिन्यांत वाटीत काय घडलं असतं?

पहिली धार उडून गेलेली असते. बाउलला हवेसाठी भोक असतंच, त्यातून हलका भाग रोज थोडा थोडा जातो. मागे राहतो जड भाग, म्हणजे नेमका थंड इंजिनाच्या उपयोगाचा नसलेला. पुढे तो हवेशी संयोग पावून चिकट होतो आणि जेटच्या भोकात पिवळसर लाखेसारखा थर धरतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. तिथे पेट्रोल उडतं, ऑइल उडत नाही. वाटीत उरतं ते जवळजवळ ऑइलच, आणि पहिल्या झटक्यांत तेच प्लगवर जाऊन बसतं. मग नवा प्लगही ठिणगी देईनासा होतो आणि माणूस म्हणतो, "प्लग बदलून पाहिला, तरी नाही."

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसापासून आणि धान्यापासून तयार होणारं हे इंधन आहे, त्याचे फायदे आहेत, त्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण जुन्या, बराच काळ उभ्या राहणाऱ्या इंजिनाच्या मालकाला तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, वाफ होण्यासाठी इथेनॉलला पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, म्हणजे थंडीतली अडचण वाढते. दोन, जुनी रबरी नळी, पडदे आणि वायसर त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगतात किंवा कडक होतात. आणि तीन, जी नदीकाठी सर्वांत घातक आहे, ती म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं.

हे स्वतः पाहता येतं. उघड्यावर, बिडी-काडीपासून दूर, मापाच्या काचनळीत ९० मिलिलिटर पेट्रोल घ्या, त्यात १० मिलिलिटर पाणी घाला, तोंड बंद करून हलवा आणि ठेवून द्या. पाणी आणि पेट्रोल मिसळत नाहीत, तेव्हा तळाशी १० मिलिलिटरच दिसायला हवेत. दिसतात २५ च्याही वर. पेट्रोलमधलं इथेनॉल खाली उतरून पाण्याला जाऊन मिळालेलं असतं. टाकीतही हेच घडतं. पावसाळ्याची दमट हवा, मग अर्ध्या रिकाम्या टाकीत हिवाळ्याच्या रात्री आतून धरणारं दव. पाणी एका हद्दीपर्यंत मिसळून राहतं, हद्द ओलांडली की थर वेगळा होऊन तळाला बसतो. आणि टाकीतली नळी पेट्रोल ओढते ती तळापासूनच.

शिळं पेट्रोल ओळखायला यंत्र लागत नाही. ताजं पेट्रोल नाकाला झोंबतं. जुनं रंगाच्या डब्यासारखं, आंबूस वास मारतं आणि रंगाने गडद झालेलं असतं. पांढऱ्या ताटलीत चार थेंब टाकून ठेवा. ताजं जवळजवळ काही न ठेवता उडून जातं, जुनं चिकट डाग ठेवतं. टू-स्ट्रोकचं असेल तर ऑइलचा डाग राहणारच, तेव्हा वासावर जास्त विसंबा.

६. आता बोटीपाशी जाऊ

एक गोष्ट आधी. इंजिन काठाला बोट बांधलेली असतानाच सुरू करायचं, दोन मिनिटं चालवून बघायचं आणि मगच दोर सोडायचा. वल्ही बोटीत असलीच पाहिजेत आणि जॅकेट अंगात. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला आणि मिरची तोडायला निघालेल्या बाया बुडाल्या. तिथे इंजिनाचा संबंध नव्हता. पण हिवाळ्यातली शांत दिसणारी नदीही सकाळच्या गारठ्यात माणसाला वेळ देत नाही, हे त्या सकाळने दाखवलं. प्रवाहाच्या मध्यावर बंद पडलेली मोटार उघडून बघायची वेळ येऊच नये.

आधी अगदी साध्या गोष्टी, कारण बऱ्याचदा दोष तिथेच असतो. मोटारीचा पाय पाण्यात आहे का? तिला गार करणारं पाणी तिथूनच येतं, कोरडी चालवली तर पंपाचं रबरी चक्र जळतं. गिअर न्यूट्रलला आहे का? मनगटाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप बटणात बसली आहे का? ती निघालेली असेल तर ठिणगीच पडत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला का? तो घट्ट असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल बाहेर येत नाही.

मग नळीतला रबरी फुगा, ज्याला बल्ब म्हणतात, बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवून दाबायचा. काही वेळा दाबल्यावर तो कडक व्हायला हवा. कडक झाला म्हणजे बाउल भरला. होतच नसेल तर दोन शक्यता. एक तर नळीत किंवा जोडावर कुठून तरी हवा शिरते आहे, नाहीतर तरंगीखालची सुई अडकून पेट्रोल बाउलबाहेर सांडतं आहे. कार्बोरेटरपाशी वास आणि ओल दिसली तर दुसरी शक्यता धरा आणि तिथेच थांबा.

यानंतर चोक पूर्ण ओढा, थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, 'स्टार्ट'च्या खुणेवर ठेवा आणि दोरी हातात घ्या. दोरी ओढायचीही रीत आहे. आधी हळूच ओढून जिथे जड लागते तिथपर्यंत आणायची, मग एकदम, सलग. जुन्या मोटारीत ठिणगी मॅग्नेटोतून येते आणि मॅग्नेटो सायकलच्या डायनामोसारखा असतो, चाक जितकं जोरात फिरेल तितका करंट जास्त. दमलेल्या हाताने वीस अर्धवट झटके मारले तर ठिणगी विसाव्या वेळीही कमजोरच पडणार. त्यापेक्षा चांगले चार झटके मारावेत. इंजिन एकदा खोकलं की चोक अर्धा आत घ्यायचा आणि पुन्हा ओढायचं. सुरू झालं की मागून पाण्याची पिचकारी येते का ते बघायचं.

चार-पाच चांगल्या झटक्यांनंतरही काही बोलत नसेल तर ओढणं थांबवा आणि प्लग काढा. प्लग खरं सांगतो. तो कोरडा असेल तर पेट्रोल वर पोचतच नाही, म्हणजे दोष टाकी, नळी, सुई किंवा जेटमध्ये. ओला असेल तर पेट्रोल पोचलं आहे, कमी आहे ती ठिणगी, नाहीतर इंजिन ओव्हर झालं आहे. ओला आणि काळा-तेलकट असेल तर मागे सांगितलेलं वाटीतलं ऑइल आठवा.

ठिणगी बघताना मात्र फार सांभाळून. सांडलेलं पेट्रोल पुसून, वास जाऊ देऊन, प्लगच्या भोकावर फडकं धरून आणि शक्यतो टेस्टर लावूनच बघावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात पाण्यासारखी साचून राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. कार्बोरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतून सुरू करण्याची युक्ती अनेक जण अभिमानाने सांगतात. मी ती कुणाला करू देणार नाही. उलटा भडका तोंडावर येतो.

जेट बुजला असेल तर तो सोडवून हवेने आणि कार्बोरेटर क्लीनरने साफ करायचा. तार किंवा सुई घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक केसाएवढं वाढलं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

ओव्हर झालेलं इंजिन मोकळं करायचं तर चोक पूर्ण आत, लाल दोरीची क्लिप काढलेली, प्लग बाहेर आणि थ्रॉटल उघडं. असं ठेवून दोरी पाच-सहा वेळा ओढली की साचलेलं पेट्रोल भोकातून बाहेर पडतं. दहा मिनिटं थांबा, प्लग पुसून कोरडा करा, बसवा, क्लिप लावा. आता चोक न ओढता सुरू करा आणि पेटताच थ्रॉटल खाली घ्या. इथे घाई करणारा माणूस पुन्हा चोक ओढतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

७. पाऊस सरल्यावर

हे सगळं जानेवारीत करावं लागू नये अशी इच्छा असेल तर काम ऑक्टोबरमधलं आहे, आणि ते तासाभराचं आहे. मोटार पाण्यात ठेवून सुरू करा आणि चालू असतानाच टाकीची नळी काढून घ्या. दोन-चार मिनिटांत बाउल रिकामा होऊन इंजिन आपणच थांबेल. तळाशी स्क्रू असेल तर तो सोडून उरलेले थेंबही काढा. प्लग काढून आत चमचाभर इंजिनाला चालणारं ऑइल टाका, क्लिप काढून दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. टाकीतलं पेट्रोल टू-स्ट्रोकचं नसेल तर ते मोटारसायकलमध्ये ओतून संपवा. ऑइल मिसळलेलं असेल तर टू-स्ट्रोकच्याच दुसऱ्या यंत्रात. टाकी एकतर पूर्ण रिकामी, नाहीतर तोंडापर्यंत भरलेली. अर्धी कधीही नाही.

बचावासाठी ठेवलेली बोट मात्र अशी पूर्ण झोपवता येत नाही. तिला पंधरा दिवसांतून एकदा पाण्यात उतरवून दहा मिनिटं चालवावी, आणि टाकीवर जाड पेनाने पेट्रोल भरल्याची तारीख लिहावी. तारखेला दोन महिने होऊन गेले असतील तर ते पेट्रोल काढून ताजं भरायचं, मग बाहेर जानेवारीचं धुकं असो की पर्लकोटेच्या पुलावर चढत जाणारं जुलैचं पाणी.